दगड कुजतो का?

प्रभाकरचं एक पत्र माझ्याकडे दीड वर्ष उत्तरावाचून पडून होतं. प्रभाकर माझा विद्यार्थी. बुऱ्हाणपुरात मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी समुद्राकडे नोकरीला गेलेला तो एकटाच. मुंबईच्या एका मत्स्यालयात तो माशांना खाणं घालायचा. १९४९ साली त्याच्याकडे प्रवाळांची टाकी सजवायचं काम आलं, तेव्हा त्याने ते पत्र लिहिलं.

पोवळी आणायला तो काठियावाडच्या किनाऱ्यावर गेला होता. पूर्वी तिथे दरबारची परवानगी लागे. आता संस्थान विलीन झालेलं. जुना कारकून म्हणे नव्या कचेरीत जा, नवी कचेरी म्हणे आमचा शिक्काच अजून आलेला नाही. त्यात चार दिवस गेले. शेवटी ओहोटीला पाण्यात उतरून त्याने दोन पेट्या भरल्या. पुढे लिहिलं होतं :

‘गुरुजी, तिसऱ्या दिवशी पोवळी घाण मारू लागली. पंधरा दिवस पाण्यात कुजवून, घासून, उन्हात ठेवली, तेव्हा पांढरी झाली. आपण कुंडीत दाखवलं तशी ही नुसती चुन्याची असतील, तर कुजतं ते काय? दगड कुजतो का? टाकीवरच्या पाटीसाठी चार ओळी लिहून पाठवाव्या.’

आमच्या गावाला जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि त्या बोगद्यांवर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. आत भिंतींवर पाण्यातला चुना साचून पांढरे, खडबडीत थर चढले आहेत. प्रभाकरच्या वर्गाला मी तिथे नेलं होतं. एक खपली हातात घेऊन म्हणालो, ‘समुद्रातलं पोवळंही असंच वाढतं. पाणी थर देतं, दगड वाढतो.’ हे मी कुठे वाचलं नव्हतं. समुद्र पाहिला नव्हता. पण उदाहरण इतकं जवळचं होतं की मलाच ते खरं वाटलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या धड्याची तारीफ केली, मग मी तो दरवर्षी शिकवला.

पत्र आलं त्याच दिवशी मी जाडा इंग्रजी कोश काढला. पोवळं हे इवल्या प्राण्यांचं घर असतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी पत्र त्याच पानात ठेवलं आणि कोश मिटला. आणखी एखादं पुस्तक पाहून लिहू, असं स्वतःला सांगितलं.

गेल्या आठवड्यात लोटू आला. तो प्रभाकरच्या वर्गातला; आता मालगाडीच्या वाघिणींत केळी भरून मुंबईला नेतो.

“काय गुरुजी, तुमचं नाव तर बंबईत गाजून राह्यलं!” तो ओट्यावरूनच ओरडला. “परभ्याच्या टाकीवर पाटी हाये. पाण्यातला चुना साचून हा दगड वाढतो म्हणे. मी तर बाजूच्या माणसाला सांगितलं, हे आमच्या गुरुजींचं!”

“त्याने तसं लिहिलं?”

“तुमचं उत्तरच नाही आलं ना. तो म्हणे, चूक असती तर गुरुजींनी कळवलं असतं. आता कोणी प्रोफेसर येऊन हसला. तिथला साहेब म्हणतो, पाटी बदल. हा म्हणतो, गुरुजींना विचारल्याशिवाय हात नाही लावणार.”

“मग?”

“मग काय! महिनाअखेरपर्यंत वेळ दिला. नाहीतर टाकी दुसऱ्याला, आणि हा तिकिटाच्या खिडकीवर. तुम्हाला लिहायला शरमतो तो. दुसऱ्यांदा कसं विचारू म्हणतो.”

लोटू चहा पिऊन गेला. मी लिहायला बसलो. कोणत्या परिस्थितीत तो धडा तयार झाला, त्या काळी शाळेत पुस्तकं किती होती, माझा इंग्रजीचा अभ्यास कितपत, अशी दोन पानं झाली. विमलने, माझ्या बायकोने, ती उभ्यानेच वाचली.

“अहो, पाटी काढायची की नाही, ते त्याला कुठल्या पानावर कळणार?”

“येतंय पुढे.”

“महिना संपायच्या आत येऊ द्या.”

ती पानं मी बाजूला ठेवली. एका कार्डावर लिहिलं :

‘चि. प्रभाकर यास आशीर्वाद. दगड कुजत नाही. कुजले ते प्राणी. पोवळं त्यांनीच बांधलेलं असतं. कुंडीत मी चुकीचं शिकवलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला ते कळलं होतं, तरी कळवलं नाही. पाटी आजच काढ आणि हे कार्ड साहेबांना दाखव. शंका तुझी बरोबर होती. नव्या पाटीच्या ओळी तूच लिही.’

लोटू दुसऱ्या दिवशी मुंबईला निघाला, तेव्हा जाताना डोकावला. “द्या माझ्यापाशी,” तो म्हणाला. त्याच्याजवळ दिलं तर वाटेत त्यांच्या सगळ्या वर्गाला कळेल, असं आधी मनात आलं. मग वाटलं, कळायलाच हवं. कार्ड त्याला वाचायला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं.

दीड वर्ष मीच अडवलेलं उत्तर माझ्याच हाताने जायला हवं होतं. मी इतवारा बाजारापर्यंत चालत गेलो आणि कार्ड टपालपेटीत टाकलं.