आकड्यांचा न्हावी

मित्रांनो, मी एक जुना कार्डांचा गठ्ठा आहे. जुना म्हणजे पाचएक वर्षांचा. हसू नका, संगणकाच्या घराण्यात तेवढ्यात केस पिकतात. माझ्या प्रत्येक कार्डाला भोकं आहेत, पण मी कसरीने खाल्लेला नाही. त्या भोकांतच माझी सगळी अक्कल साठवलेली आहे. संगणक ती वाचतो आणि मी सांगेन तसं निमूटपणे वागतो.

माझा जन्म बंगळूरच्या एका विमान-संशोधन खात्यात झाला. मला लिहिलं रत्नाकरने. तो पुण्याहून नोकरीला आलेला, हुशार आणि थोडा उतावळा इंजिनियर. मला भोकं पाडली प्रमोदिनीने. ती चामराजपेटची, तिच्या घरी चार पिढ्या बंगळूरचं पाणी प्यालेल्या. पंचिंग मशीनवर तिची बोटं अशी चालत की बघत राहावं. गठ्ठा सांडला तरी क्रम कळावा म्हणून तिने माझ्या कडेवर निळ्या पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली. ती अजून आहे.

मला जन्माला घालायचं कारण सांगतो. खात्यातले इंजिनियर संगणकासाठी गणितं लिहीत, पण आकडे लिहिण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकच अर्धा कोणी .5 लिही, कोणी 0.50, तर कोणी 5.E-1. किंमत एकच, सोंगं तीन! एकदा पत्र्याची जाडी बदलायची म्हणून प्रमोदिनीने सगळे ‘अर्धे’ शोधून बदलले. दोन मात्र वेगळ्या सोंगात लपून राहिले. गणित चुकलं, आणि आठवडाभर वाट पाहून मिळालेली संगणकाची वेळ पाण्यात गेली.

तेव्हा रत्नाकरने मला लिहिलं. कोणाचाही गठ्ठा माझ्यामागून संगणकात घाला, मी त्यातला प्रत्येक आकडा एका ठरावीक वेषात आणून संगणकाला नवा गठ्ठा पाडायला लावत असे. शेपटीची जादा शून्यं छाटायची, टिंबापुढे शून्य नसेल तर बसवायचं. सगळे मला ‘न्हावी’ म्हणू लागले. मला नाव आवडलं. न्हाव्याचा हात साफ असावा लागतो.

एकट्या मुकुंदरावांना मी पसंत नव्हतो. ते विभागप्रमुख, सेवानिवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीचे. विमानाच्या पंखावर किती भार येतो, ते गणित त्यांचं.

“माझ्या आकड्यांना दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही,” ते म्हणाले.

“सर, गॅरंटी माझी,” रत्नाकर छाती काढून म्हणाला. “चुकलं तर मला परत ड्रॉइंग ऑफिसात पाठवा.”

“पाठवीन. आणि तुमचा हा न्हावी रद्दीत जाईल.”

झालं! रत्नाकरची आवडती नोकरी आणि माझा जीव एकाच दोरीला बांधले गेले.

मुकुंदरावांचा गठ्ठा मी झोकात भादरला. नवा गठ्ठा निघाल्यावर रत्नाकर म्हणाला, “जुनी कार्डं टाकून द्या, उगाच कन्फ्यूजन नको.”

“स्वल्प थांबा, अण्णा,” प्रमोदिनी म्हणाली. “नवं दही लागल्याशिवाय जुनं विरजण टाकत नाहीत आमच्यात.” तिने जुना गठ्ठा कपाटात ठेवला.

नव्या गठ्ठ्याचं उत्तर आलं आणि मुकुंदराव कागद फडकावत आले. “पंखावर भार शून्य! मग हे विमान आहे की पतंग? दाढी करायला बसवलं आणि यानं मान कापली!”

रत्नाकरचा चेहरा पडला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मी सांगितलं तेवढंच केलं होतं, पण माझ्यामुळे त्याची मान खाली गेली.

प्रमोदिनीने कपाटातून ते विरजण काढलं. जुन्या आणि नव्या गठ्ठ्यांची यादी छापून दोघांनी शेजारी ठेवली. ती जुन्यातली ओळ वाची, तो नव्यातली. एका ओळीवर रत्नाकरचं बोट थांबलं. मूळ गठ्ठ्यात 1. भागिले 2. होतं. टिंबानंतर काही नाही, म्हणून त्यानेच मला ते टिंब छाटायला शिकवलं होतं. पण संगणकाच्या लेखी टिंब असलेला आकडा अपूर्णांकांच्या जातीचा आणि टिंब नसलेला पूर्णांकांच्या. पूर्णांक एकला पूर्णांक दोनने भागलं की तो अर्धा देतच नाही, शून्य देऊन मोकळा होतो.

“मीच माती खाल्ली,” रत्नाकर म्हणाला.

“सरी, बरं, खाल्ली. आता चूळ भरा आणि नवं कार्ड लिहून द्या,” प्रमोदिनी म्हणाली. दोघंही हसले.

माझी काही कार्डं बदलली. आता 1. दिसलं की मी 1.0 करतो आणि बिनटिंबाच्या आकड्याला टिंब चिकटवत नाही. शिवाय नियम ठरला: जुना आणि नवा, दोन्ही गठ्ठे चालवायचे. उत्तरं अंकन्‌अंक जुळली तरच नवा खरा.

रत्नाकर स्वतः मुकुंदरावांकडे गेला, चूक सांगितली आणि पुन्हा एक संधी मागितली. दोन्ही उत्तरं टेबलावर आली. मुकुंदराव फूटपट्टी ठेवून एकेक ओळ ताडून पाहू लागले. शेवटची ओळ जुळली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

“ड्रॉइंग ऑफिस तुमच्यावाचून चालेल,” ते रत्नाकरला म्हणाले.

पुढे मी दोन-तीन वर्षं राबलो. मग चुंबकीय फीत आली, माझी अक्कल तिच्यावर उतरवली गेली आणि मी कोपऱ्यात पडलो. कोणी माझ्यावर चहाचा पेला ठेवी, कोणी माझ्या शेजाऱ्यांवर किराण्याची यादी लिही. एके दिवशी सगळी कार्डं पोत्यांत भरून यशवंतपूरच्या रद्दीवाल्याकडे निघाली.

तो मुकुंदरावांचा नोकरीतला शेवटचा आठवडा होता. ते पोत्यापाशी वाकले, निळी रेघ ओळखली आणि मला बाहेर काढलं. ज्यांनी मला रद्दीत घालायचं म्हटलं होतं, त्यांनीच! वरचं कार्ड कोरं होतं. त्यावर त्यांनी स्वतःच्या पेनाने काही लिहिलं आणि मला प्रमोदिनीच्या हाती दिलं.

मित्रांनो, कधी चामराजपेटला तिच्या घरी आलात तर मला जरूर हाताळा, पण माझा क्रम मोडू नका. आणि दुसऱ्याचं काही नीटनेटकं करायला घ्याल, तेव्हा जुनं जपून ठेवा आणि ताडून पाहा. माझ्या वरच्या कार्डावरची शाई आता फिकटली आहे, तरी मुकुंदरावांचं अक्षर लागतं: ‘दाढी चोख. मान शाबूत.’