राहिलेलं मूळपद

दत्तोपंतबुवांचं कीर्तन ऐकावं ते शिवाजी पेठेतल्या दत्ताच्या देवळात. बुवा मूळपद लावायचे, त्यातून आख्यानात शिरायचे, आख्यानातून दृष्टांतात. पण कितीही लांब गेले तरी अलगद फिरून त्याच पदावर यायचे. तेव्हा ऐकणाऱ्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

मागं पेटीवर त्यांची लेक नंदिनी. ती इंजिनिअरिंगला होती. कॉम्प्युटरची रचना शिकवताना सरांनी सांगितलं, की मुख्य काम सोडून यंत्र पोटकामात शिरतं, तेव्हा परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे आठवणीच्या राखीव कप्प्यात, ठेवून जातं. वर्ग डोकं खाजवत राहिला. नंदिनीला मात्र समोर बाबाच उभे दिसले.

अलीकडे बुवांना विसर पडू लागला होता. आख्यानात रंगले की मूळपदच आठवेना. मग नंदिनी त्या पदाचे पहिले सूर पेटीवर हळूच सोडायची आणि बुवा वळायचे. दोघांनाच ठाऊक होतं हे. घरीसुद्धा त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

दत्तजयंतीच्या कीर्तनाच्या दुसऱ्याच दिवशी नेमका कॉम्प्युटरच्या रचनेचा पेपर आला.

"तू अभ्यास कर गं," बुवा म्हणाले. "एक दिवस लालासाब वाजवील की."

लालासाबच्या कानावर घालावं, असं तिच्या फार मनात आलं. पण बापाची उणीव दुसऱ्याला सांगायची कोणत्या तोंडानं? ती पुस्तक उघडून बसली.

लालासाब जुना, अदबीचा वाजवणारा. बुवांच्या पुढं सूर न्यायचा नाही, ही त्याची शिस्त. अनसूयेच्या आख्यानातून बुवा दृष्टांतात गेले, तिथून दुसऱ्यात, आणि मध्येच गप्प झाले. लालासाबनं मानानं भाता थांबवला. सगळं देऊळ वाट बघत बसलं. शेवटी पुजाऱ्यांनी आरतीच सुरू केली.

लालासाब बुवांना हाताला धरून घरी घेऊन आला. "पंत थांबलं, म्हणून मी बी थांबलो," तो नंदिनीला म्हणाला. "त्यांच्या म्होरं कसं वाजवू, पोरी?"

बुवांनी उपरणं खुंटीला अडकवलं. "मूळपद राहिलं गं, नंदे."

पेपरात प्रश्न आलाच: परतीचा पत्ता पुसला गेला तर काय होईल? नंदिनीनं पानभर लिहिलं. त्या विषयात ती पहिली आली. बुवांनी देवापुढं पेढे ठेवले, शेजारीपाजारी वाटलेसुद्धा. कीर्तनाला मात्र पुन्हा उभे राहिले नाहीत.

अजून एखाद्या संध्याकाळी ती पेटी काढते. त्या पदाचे पहिले सूर निघतात न निघतात, तोच बुवा आतल्या खोलीतून अख्खं पद उचलतात, एक अक्षर न चुकता. तिला तेवढंच सोसत नाही.