अण्णांसारखं मरण

धाकट्याची तीच दाढ तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा कुठे ताईने त्याच्या तोंडात नीट डोकावून पाहिलं. दातांची डॉक्टर म्हणून तिचं गावभर नाव. पण दिव्याखाली अंधार. भावाचं तोंड ती नेहमी घाईघाईत, त्याला दमात घेतच बघायची.

रात्रभर दात खाऊन त्याच्या दाढा पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या. जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते, पोस्टाच्या तिकिटाची कड असते तसे. टाळू उंच नि अरुंद. आ करायला लावलं तर जीभच आडवी येत होती, आणि तिच्यामागे लाल, सुजलेली पडजीभ. ताईचा हात थांबला. हेच तोंड तिने पूर्वी पाहिलं होतं. अण्णांचं. त्या ठशांवरून तिने वडिलांची थट्टासुद्धा केली होती.

अण्णा झोपेत गेले. ना दुखणं, ना खुपणं. पुण्यवान माणूस, असं सगळे म्हणाले, आणि आई अजून त्याच एका शब्दावर दिवस काढत होती.

"झोपेत तुझा श्वास अडकत असणार," ताई म्हणाली. "तोंडावरून खात्री देता येत नाही. एकदा झोपेची तपासणी करून घे."

"आणि निघालं काही तर? क्रेनवरून उतरवतील मला. मग काय, गोदीत झाडू मारू?"

"दिवसा डोळा लागतो का तुझा?"

"कुणाचा लागत नाही?" जबडा चोळत तो हसला. "आणि रात्री कायमचा लागलाच, तर अण्णांसारखं मरण. लोक देवाकडे मागतात ते!"

सरळ बोटाने तूप निघेना, म्हणून रविवारी दुपारी ताई त्याच्या घरी गेली. जेवणं उरकली होती. तिने मुद्दाम अण्णांचा विषय काढला. आईला हल्ली कमी ऐकू यायचं, पण अण्णांचं नाव बरोबर ऐकू आलं.

"त्या रात्री किती घोरत होते!" आई म्हणाली. "मग एकदम शांत. म्हटलं, लागली बाई एकदाची झोप. मीही कूस बदलली."

"हेही तसेच," भावजय म्हणाली. "मधेच गप्प होतात, मग आचका देऊन पुन्हा सुरू. ते गप्प असतात तेवढ्यातच माझा डोळा लागतो."

ताई मोठ्याने, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून गेली, "ती झोप नव्हती, आई. बहुतेक त्यांचा श्वास बंद पडला होता."

धाकटा घाबरेल, असा तिचा हिशोब. पण घाव बसला आईला. हातातली वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा हलवलं असतं तर?"

रोज दहा जणांना स्पष्ट सांगणारी ताई ती वाटी उचलून आत ठेवायला निघाली.

"झालं समाधान?" धाकटा ताडकन उठला. "एवढंच तर उरलं होतं तिच्याजवळ!"

तपासणीला तो गेला नाही. ताईने हात जोडले, अबोला धरला, पुन्हा हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाभराने ताई पुन्हा गेली. भर दुपारी आई धाकट्याच्या खोलीच्या दारापाशी स्टुलावर बसली होती. डोळे खोल गेलेले. भावजय हळूच म्हणाली, "रोज रात्री इथेच बसतात, आता दिवसाही हलत नाहीत. घोरणं थांबलं की हाका मारतात. हे वैतागले, आता आतून कडी लावतात. मी तरी किती जागू, ताई?"

ताईने आईचा हात धरला. तो गार होता.

"आई, तू झोपत जा गं."

"झोपून कसं चालेल?" आई दाराकडे बघत म्हणाली. "पण पोरी, माझे कान हे असे. एकदम शांत झालं, की त्याचं घोरणं थांबलं का मलाच ऐकू येईनासं झालं, तेच कळत नाही."