मग्ग्याचे नवे उपयोग

सतरा ऑगस्टच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, उत्सवात यंदा पोत्यांची शर्यत नको, जरा डोक्याचा खेळ ठेवू, असं बू एंदाहच्या, म्हणजे एंदाहबाईच्या, मनात आलं. ती गल्लीप्रमुखाची बायको, तेव्हा ठरलंच. आंघोळीच्या मग्ग्याचा नवा उपयोग शोधायचा, ज्याचा भन्नाट त्याला बक्षीस. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! पण क्लातेन शहरातल्या त्या गल्लीतल्या बायकांना ते भलतंच आवडलं. घरटी एक मग्गा आणायचा होता.

वागियेमने खिळ्यावरचा मग्गा काढला. लाल, लांब दांड्याचा. दोन महिन्यांपूर्वी याच मग्ग्याने तिने नवऱ्याला, पारजोला, शेवटची आंघोळ घातली होती. त्यानंतर तो वापरवतही नव्हता आणि टाकवतही नव्हता. ती चहाच्या ग्लासाने अंगावर पाणी घ्यायची.

त्या दिवशी मयताचं सगळं बघणारा म्हातारा मोदिन तिला म्हणाला होता, "डोळे पुसा, बू. त्याच्या अंगावर आसवं पडू द्यायची नसतात. जाणाऱ्याचा पाय अडकतो."

तिने आसवं गिळली, ती गिळलीच. सातव्या दिवशी आली नाहीत, चाळिसाव्या दिवशीही नाहीत. बाईचं काळीज दगडाचं, असं गल्लीत बोललं गेलं. तीस वर्षांचा संसार, आणि माणूस गेल्यावर आपल्याला साधं रडू येऊ नये, याची तिलाच लाज वाटायची. रोज सकाळी ती वाट बघायची आणि मग भात चढवायची.

मंडपात बायकांच्या उत्साहाला ऊत आला होता. एकीने मग्गा उलटा डोक्यावर घालून स्कूटरचं हेल्मेट केलं. दुसरीने त्यात मोबाइल ठेवून गाणं मोठं करून दाखवलं. तिसरी म्हणाली, हा रात्री नवऱ्याच्या तोंडावर ठेवला की घोरणं बंद, आणि नवराही. वागियेम सगळ्यांबरोबर हसली. हसू आलं नव्हतं, पण तोंडाला सवय होती.

शेजारच्या खोलीत नुकतीच भाड्याने आलेली रुकमी मात्र रिकाम्या हाताने आली होती. तिचं सामान अजून पोत्यातच होतं.

"तुमचा घेऊ का, बू?"

"घे," वागियेम म्हणाली.

रुकमीने साते, म्हणजे काडीला लावलेलं मांस, भाजायच्या निखाऱ्यावर खिळा तापवला आणि मग्ग्याच्या बुडाला भोकंच भोकं पाडली. बादलीत बुडवून वर उचलला, तर मिरचीच्या रोपांवर बारीक सर पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस रुकमीलाच मिळालं: नवी बादली, आत नवा मग्गा.

तेवढ्यात बू एंदाहने तो लाल मग्गा ओळखला. तिने रुकमीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या पोरीचा चेहरा उतरला.

"मला ठाऊक नव्हतं हो, बू. हा नवा तुम्ही घ्या."

"असू दे. छान पडतंय पाणी."

राग यायला हवा होता. वागियेमने आत चाचपून पाहिलं, पण मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा तसं झालं, काही लागलंच नाही. आपला भोकांचा मग्गा घेऊन ती घरी गेली.

गुरुवारी दुपारी फुलं, बादली आणि तो मग्गा घेऊन ती कबरस्तानात गेली. पारजोच्या कबरीवर फुलं टाकली आणि पाणी घालू लागली. एरवी बाटलीने घातलं की माती उखडायची, आज नुसती भिजत होती. पलीकडे मोदिन विळ्याने गवत कापत होता. त्याला पाहून ती थांबली.

"पाक मोदिन, अंगावर आसवं पडू द्यायची नसतात म्हणालात. मातीवर पडली तर चालतं?"

म्हाताऱ्याने विळा खाली ठेवला. "तो केव्हाच पोचला, बू. मातीला काय, पाणी ते पाणीच."

तिने मान हलवली. मग्गा पुन्हा भरून कबरीवर धरला. सर बारीक होत गेली, मग थांबली. मग्गा रिकामा झाला होता.

मातीवर थेंब मात्र पडतच होते.