न गोठलेलं रक्त

मला राग पटकन येतो. घाटकोपरच्या आमच्या लहानशा इस्पितळात हे झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लॅबोरेटरीत मी एकटाच. वॉर्डातून नमुना चुकीचा आला की मी जिन्यात उभा राहून ओरडायचो. पण छप्पन साली एका सकाळी माझी बोलतीच बंद झाली.

गुणाजी गिरणीतला जुना कामगार. तीन वर्षं हृदयाने आणि मूत्रपिंडांनी छळलेला. बोटांना वांब येतात, ती आखडून वाकडी होतात म्हणाला, म्हणून डॉक्टरांनी साखरेबरोबर रक्तातलं कॅल्शियमही तपासायला सांगितलं. साखरेचं रक्त ऑक्झलेटची पूड घातलेल्या बल्बमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत घ्यायचं. त्या पुडीने रक्त गोठत नाही. पण तीच पूड कॅल्शियम गिळून टाकते, म्हणून कॅल्शियमचं रक्त कोऱ्या बल्बमध्ये वेगळं घ्यायचं. तिथे ते गोठतं.

कोरा बल्ब आला. मी काम उरकलं. आकडा आला चार. बाप रे, नऊ-दहा पाहिजेत! लगेच रिपोर्ट वर धाडला आणि भांडी धुवायला घेतली.

गुणाजीचा बल्ब उलटा केला, तर उरलेलं रक्त सरबतासारखं खाली आलं. गाठ कुठेच नाही. म्हणजे यात ऑक्झलेट होतं, आणि माझा आकडा खोटा! सकाळी हे दिसलं नव्हतं का? दिसलं होतं हो! आजारी माणसाचं रक्त, गोठायला उशीर लागत असेल, म्हणून मीच पुढे गेलो होतो.

गुणाजीला हृदयासाठी डिजिटॅलिस चालू होतं. त्यावर शिरेतून कॅल्शियम म्हणजे हृदय बंद पडायची भीती. पण आकडा चार म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? कॅल्शियम टोचणारच. मी जिना कसा चढलो, मला आठवत नाही.

"थांबा! सुई काढा!"

डॉक्टरांनी शीर धरली होती, औषध अजून सोडलं नव्हतं. त्यांनी सुई बाहेर काढली. आणि गुणाजी? आकडा चार असलेल्या माणसाची बोटं वाकडी व्हायला हवीत. हा सुई निघताच आरामात मोसंबं सोलायला लागला!

"हे रक्त साखरेच्या बल्बमधलं आहे. रिपोर्ट फाडा," मी म्हणालो.

सकाळी रक्त घेणारी सिस्टर जयंती पांढरीफटक पडली. मला दाराबाहेर ओढून म्हणाली, "विद्याधर, सगळं रक्त साखरेच्या बल्बमध्ये गेलं, मग त्यातलंच मी ओतलं रे अर्धं कोऱ्या बल्बमध्ये. त्याच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी माझे पाय धरले. म्हणाल्या, नवऱ्याच्या अंगात रक्त उरलं नाही, दुसऱ्यांदा टोचू नका. मला नाही बघवलं."

ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गाठ नाही हे माझ्याच डोळ्यांनी पाहिलं होतं ना?

आत गेलो. "मावशी, परत रक्त काढायला लागेल," मी म्हणालो.

गुणाजीची बायको खाटेला टेकून उभी होती. "परत कित्याक?"

जयंतीचे डोळे भरले. ती बोलली असती, तर त्या माउलीला कळलं असतं की आपल्याच मायेने नवरा जायची वेळ आली होती. मग ती उरलेला जन्म कशी काढणार होती? मी घाईघाईने म्हणालो, "माझी चूक झाली, मावशी. मी बल्ब नीट बघितला नाही. त्या रिपोर्टावर औषध गेलं असतं तर काका दगावले असते."

"मेल्या, तुझे डोळे फुटले हुते काय?" रुक्मिणीबाई कडाडल्या. मग जे सुरू झालं! माझं शिक्षण, माझा पगार, माझी आई, सगळं निघालं. वॉर्डातले सतरा पेशंट उठून बसले. गुणाजीने निमूट हात पुढे केला. मी खाली मान घालून कोऱ्या बल्बमध्ये रक्त घेतलं, आणि ते गोठेपर्यंत तिथेच उभा राहून त्या बाईच्या शिव्या खाल्ल्या.