प्रोफिराच्या मलमाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. मोल्दोव्हातल्या एका खेड्यात, प्रोफिराच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. कारखान्यातून आले तेव्हा माझ्यात आंबट चेरीचा मुरंबा होता. तो संपला आणि प्रोफिराने मला घासूनपुसून माझ्यात मलम भरलं. अक्रोडाचं तेल, मेण आणि परसातली पिवळी फुलं मंद आचेवर कढवून ती ते करायची. कुणाला भाजलं, गाईच्या सडांना भेगा पडल्या, तान्ह्याची कातडी सोलवटली, की शेजारणी मलाच मागायला येत. प्रोफिराच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. त्यातलं थोडं कौतुक मी आपल्याकडे ओढून घेई. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

मग तिचा मुलगा सान्दू परदेशातल्या बांधकामावरून आजारी पडून परतला. तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला, बायकोला नाही. दवाखान्यातल्या तमारा नर्सबाईंनी गोळ्या सुरू केल्या, त्याला आणि त्याची बायको रोदिका हिला समोर बसवून सगळं समजावलं. रोदिकाने घरी येऊन ते सासूला सांगितलं.

"आई, एका ताटात जेवलं, मिठी मारली, तरी काही होत नाही. विषाणू पसरतो रक्तातून आणि नवरा-बायकोच्या संबंधांतून. गोळ्यांनी विषाणू दबला, तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधांतूनही धोका नाही. तोवर दर वेळी कंडोम हवाच."

"असतील तुझ्या नर्सबाई शहाण्या," प्रोफिरा म्हणाली, "पण चमचा मी वेगळाच ठेवणार."

आणि ठेवलाही. लेकाचा टॉवेलही ती वेगळा उकळायची. बिचारी भलत्याच दारावर पहारा देत होती.

एकदा रोदिका ओशाळून तिच्याजवळ पुटपुटली, "आई, रात्री त्याच्याजवळ असताना फार झोंबतं हो." प्रोफिराला अर्धंच कळलं, पण माया पुरी होती. तिने मला फळीवरून काढून सुनेच्या हातात दिलं. "हे घे. तान्ह्या बाळांना चालतं, तुला काय होणार आहे?"

"नर्सबाईंना विचारू या का?" रोदिकाने सान्दूला म्हटलं.

"आता हेही विचारायचं? तूच विचार बाई."

कुणीच विचारलं नाही. रात्री कंडोमबरोबर माझंच मलम लावलं.

मित्रांनो, तेलाने लॅटेक्सचं रबर कमकुवत होतं. लोणी असो, पेट्रोलियम जेली असो की माझ्यासारखं मलम, लागलं की थोड्या वेळात कंडोम फाटू शकतो. त्यासाठी पाण्यात बनवलेलं जेल असतं, ते त्याच दवाखान्यात मिळत होतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी तर उपयोगी पडल्याच्या आनंदात होते.

कंडोम फाटला. सान्दूने बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या.

"आजच जाऊ या," रोदिका म्हणाली. "असं झालं तर लगेच या, तीन दिवसांच्या आत मला लागण टाळायच्या गोळ्या सुरू करायला हव्यात, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या."

"बसमध्ये अख्खं गाव असतं. कुठे निघालात विचारलं तर काय सांगू? दात दाखवायला? दोघांचेही?"

ती हसली, आणि तिथेच सगळं बुडालं. द्राक्षांची तोडणी चालू होती, तीन दिवस मळ्यात कसे गेले कुणाला कळलंही नाही.

हिवाळ्यात रोदिकाच्या रक्तातही एचआयव्ही निघाला. काय काय वापरलं, हे नर्सबाईंनी विचारलं आणि तिने माझं नाव सांगितलं. त्या दिवशी घरी येताच सान्दूने मला फोडायला उचललं. फोडलं असतं तर बरं झालं असतं. रोदिकाने त्याचा हात धरला.

"ठेव खाली. आईला काय सांगशील? ती जगायची नाही."

म्हणून मी अजून फळीवर आहे. मित्रांनो, मला टाकून द्या असं मी म्हणत नाही, भेगांना मी आजही चांगली. पण जे विचारायला लाज वाटते, ते आधी विचारा. चूक झाली तर लाजेपायी घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोदिकाला हे सांगून आता उपयोग नाही. ती रोज गोळी घेते. गोळ्या घेत राहिली तर पुष्कळ वर्षं जगेल, असं नर्सबाई सांगतात, आणि ती मान डोलावते.

संध्याकाळी प्रोफिरा सुनेचे उललेले हात मांडीवर घेते आणि माझं मलम हळूहळू चोळते.

"बरं वाटतंय ना गं?" ती विचारते.

"हो आई," रोदिका म्हणते.