दहा दिसली तर एक

मित्रांनो, मला पाहून तुम्हांला वाटेल, ही कुठल्या तरी खिडकीची मोडकी जाळी असावी. तसं नाही. पानंफुलं दाबून वाळवायची मी एक जुनी चौकट आहे. दोन लाकडी जाळ्या, मध्ये टीपकागदांची चळत आणि वरून दोन चामडी पट्टे, एवढंच माझं अंग.

१९९२ साली जे. पी. नगरातल्या पिराजी सुतारांनी मला सागवानाच्या उरलेल्या पट्ट्यांतून घडवलं. करवून घेतलं ते अनुसूयाअक्कांनी. त्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्या बेंगळूरात राहिलेलं. दर शनिवारी त्या सहावी ते आठवीच्या पंधरा-वीस मुलांना घेऊन घरामागच्या केरेवर जात. तळ्याला तिथे सगळे केरेच म्हणतात.

मुलं काठावर चिखलात बसून आधी झाडाचं चित्र काढत, मगच त्याला हात लावत. अक्कांचा नियम कडक होता. "दहा दिसली तर एक घ्यायचं. नऊ असतील तर नुसतं बघायचं." घरी आणलेलं झाड माझ्या कागदांत ठेवलं की पट्टे आवळताना दोन मुलं माझ्यावर उभी राहत. मी करकरायची, पण मला त्यांचं वजन फार आवडायचं. आठवड्याने वाळलेलं झाड ती जाड कागदावर दोऱ्याने टाचत आणि शेजारी आपलं चित्र चिकटवत.

त्या मुलांत सातवीतली पवित्रा होती. तिचे वडील देवाप्पा निपाणीकडून आलेले, मातीचा टिप्पर चालवायचे. ती बोलायची कमी. गवताच्या एका तुऱ्यावर तिने एकदा दोन शनिवार घालवले.

"वाकडा का गं काढलास?" अक्कांनी विचारलं.

"वारा आहे ना, अक्का."

अक्कांनी ते चित्र आपल्या कपाटाच्या दारावर लावलं.

१९९६ च्या जानेवारीत केरे बुजवायला सुरुवात झाली. तिथे प्लॉट पडणार होते. अक्कांनी कितीतरी पत्रं लिहिली. शेवटी, ज्यांच्या एका सहीने काम थांबलं असतं असे एक साहेब शनिवारी यायला कबूल झाले. तळ्यातल्या सगळ्या झाडांचे कागद त्यांच्यापुढे मांडायचे, असं मुलांनी ठरवलं. एक्केचाळीस झाडं तयार होती. राहिलं होतं फक्त झालरीसारख्या पाकळ्यांचं एक पांढरं पाणफूल. ते कधी दहा दिसलंच नव्हतं, म्हणून कोणी घेतलं नव्हतं.

त्याआधीच्या रविवारी दुपारी पवित्रा एकटीच आली. परकर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, ओंजळीत मुळांसकट रोप.

"अक्का, एकच उरलं होतं. त्या कडेला अप्पांचीच गाडी माती टाकतीय. मी काढून आणलं."

अक्का रागावल्या नाहीत.

"टबात ठेवूया काय?" पवित्रा म्हणाली. "जगेल ते."

अक्कांनी फुलाच्या पाकळ्या बोटाने सरळ केल्या. मग म्हणाल्या, "टबातलं एक रोप बघून साहेबांना काय कळणार? बेचाळीस झाडं एका रांगेत दिसली, तर सगळं केरेच वाचेल. चिखलात बी असणारच, मग हे पुन्हा उगवेल तिथे."

"सरी, अक्का, बरं."

फूल कोमेजायला लागेपर्यंत पवित्रा त्याचं चित्र काढत बसली. मग तिनेच ते माझ्यात ठेवलं आणि पट्टा ओढला. मित्रांनो, ओला देठ दबताना बारीक आवाज होतो. तो मी शेकडो वेळा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपला पट्टा तुटावा. पण पिराजींनी मला मजबूत घडवलं होतं.

शनिवारी साहेब आले. त्यांनी कॉफी घेतली, रांगेतले कागद बघितले. पवित्राच्या पाणफुलापाशी ते थांबले. "चेन्नागिदे, फार छान," ते म्हणाले. "हे माझ्या ऑफिसच्या भिंतीला शोभेल. नेऊ का?"

अक्कांना वाटलं, रोज डोळ्यांसमोर राहिलं तर त्यांना आठवण राहील. त्यांनी तो कागद देऊन टाकला.

सोमवारी सकाळी बारा टिप्पर आले. महिनाभरात केरे राहिलं नाही.

काम संपल्यावर देवाप्पा मुलीला घेऊन निरोप घ्यायला आले. पुढचं काम गावाबाहेर लांब कुठेतरी निघालं होतं. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"अक्का, मी नाही टाकली माती, तर दुसरा टाकंल," ते म्हणाले. "पण पोरगी माझ्याशी बोलंना झालीय."

पवित्रा त्यांच्यामागे उभी होती. तिने अक्कांनाच विचारलं, "टबात ठेवलं असतं तर जगलं असतं काय?"

अक्कांना खोटं बोलता आलं असतं. "जगलं असतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं, मगा, माझ्या लेकरा."

पवित्राने मान हलवली आणि ती वडिलांच्या पुढे चालू लागली. ती पुन्हा कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी अंगणात एक टब आणून पाण्याने भरला. नंतर दोन वर्षं, पाय चालत होते तोवर, दर शनिवारी त्या मुलांना घेऊन लांबलांबची तळी धुंडाळत राहिल्या. ते फूल त्यांना मिळालं नाही. मला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. घर मोडून त्या आपल्या मुलाकडे इंदिरानगरला गेल्या, तेव्हा मला एका शाळेला देऊन गेल्या. तिथल्या प्रयोगशाळेत कपाटावर मी पडून आहे. माझ्या टीपकागदांना कसर लागली आहे.

मला कोणी विसरलं याचं दुःख नाही. मी फक्त मेलेलं जपू शकते, जिवंत काही जपणं मला कधी जमलंच नाही. ते तुमच्या हातांना जमतं. म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. एखादं मूल ओंजळीत ओलं रोप घेऊन दारात आलं आणि हे जगेल म्हणालं, तर त्याचं ऐका. आधी पाणी आणा.